झडपेच्या ऑपरेशननंतर वैमानिक पुन्हा कधी उडू शकतो?

हृदयाची झडप बदलली की वैमानिकाची नोकरी गेली, असं समजून रत्नागिरी-सिंधुदुर्गातली घरं उगाच हवालदिल होतात. उंचीमुळे झडपेला काही होत नाही. तपासणाऱ्या डॉक्टरला चिंता वेगळी असते: रक्ताची गुठळी मेंदूत जाऊन किंवा ठोके बिघडून हा माणूस कॉकपिटमध्ये अचानक निकामी होईल का? दोन वैमानिकांच्या विमानासाठी हा धोका वर्षाला साधारण १ टक्क्याच्या आत हवा, असा ढोबळ निकष वापरतात.

म्हणून सर्जनला आपला पेशा ऑपरेशनच्या आधीच सांगा. मायट्रल झडप (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) सैल पडून गळत असेल तर ती दुरुस्त होईल का, हे पहिलं विचारा. संधिवाताच्या तापाने आखडलेली झडप दुरुस्त होणं कठीण. धातूची झडप टिकते, पण रक्त पातळ करणारी गोळी जन्मभर मागे लागते. जैविक (प्राण्याच्या ऊतीपासून बनवलेल्या) झडपेला ही गोळी बहुधा सुरुवातीचे काही महिनेच. मात्र ती झिजते, तरुणांत लवकर. पस्तिशीत बसवली तर पुढे दुसरं ऑपरेशन जवळपास ठरलेलं.

युरोपच्या नियमांत किमान ६ महिने थांबावं लागतं. मग इको (हृदयाची सोनोग्राफी), ट्रेडमिलवर चालवून ईसीजी, होल्टर (दिवसभर ठोक्यांची नोंद), आणि सगळं ठीक निघालं तरी सोबत दुसरा वैमानिक हवा ही अट. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ६ महिन्यांतले किमान ५ आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा रक्ततपासणीचा आकडा), त्यातले किमान ४ ठरलेल्या मर्यादेत. आपल्याकडे अंतिम शब्द डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा. तरी या सगळ्या रिपोर्टांची फाइल तयार ठेवावी असं माझं मत आहे.

आकडा बिघडायला पावसाळा पुरतो. टाकळा, कुर्डू, मग गोकुळाष्टमीला आंबोळ्यांबरोबर शेवग्याचा पाला! पालेभाजीतल्या ‘के’ जीवनसत्त्वाने गोळीचा जोर उतरतो आणि २.५ वर असलेला आयएनआर २ च्या खाली येऊ शकतो. भाजी बंद करू नका, बारा महिने साधारण सारखीच खा. काही अँटिबायोटिक्सनी आकडा उलट वर जातो. लॅब शक्यतो एकच धरा आणि प्रत्येक रिपोर्टवर त्या दिवसाचा डोस लिहा.

झडप बदललेल्याने दात काढण्याआधी डेंटिस्टला सांगायलाच हवं. ॲलर्जी नसेल तर तोंडातले जंतू रक्तातून झडपेवर बसू नयेत म्हणून अर्धा ते एक तास आधी २ ग्रॅम अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक देतात. आणि कारण न कळणारा ताप आला तर परस्पर अँटिबायोटिक घेऊ नका. आधी ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का ते पाहणारी तपासणी), कारण गोळ्या पोटात गेल्यावर जंतू बरेचदा सापडत नाहीत आणि तोवर झडप खराब होत राहते.