अहवालातला ठळक आकडा

मी गेली तेवीस वर्षे मुद्रितशोधनाचे काम करते. ऱ्हस्वदीर्घ, अनुस्वार आणि जोडाक्षरांवर नजर आपोआप अडखळावी, हेच या कामाचे भांडवल. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात माझी नजर अडखळेनाशी झाली. एका दिवाळी अंकाची मुद्रिते मी तीनदा तपासूनही त्यांत 'पाणि' आणि 'आणी' शिल्लक राहिल्याचे संपादकांनी संकोचत कळवले, तेव्हा मला शरम वाटायला हवी होती. प्रत्यक्षात काहीच वाटले नाही. पुढे सर्वांत जास्त भीती वाटली ती या काहीच न वाटण्याची.

घरातही तेच चालले होते. भजी तळताना मी यजमानांना म्हटले, "अहो, तो द्या ना, तो... तळायचा," आणि 'झारा' हा शब्द काही केल्या जिभेवर येईना. पहाटे तीनला जाग यायची, दुपारी अंथरुणावरून उठावेसे वाटायचे नाही, आणि लेकीचा फोन वाजत असताना तो न उचलता नुसता पाहत बसायचे. मी बावन्न वर्षांची, पाळी नुकतीच थांबलेली. त्यामुळे नणंदेपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांकडे एकच उत्तर तयार होते: या वयात असे व्हायचेच. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त तपासले. हिमोग्लोबिन १२.१, साखर आणि थायरॉईड ठीक. "रक्त उत्तम आहे, ताण घेऊ नका," असे सांगून त्यांनी शक्तीच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या गोळ्यांत फॉलिक अ‍ॅसिड होते, ही गोष्ट नंतर महत्त्वाची ठरली.

आठ महिन्यांनी लेकीच्या आग्रहाखातर मी मनोविकारतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी नैराश्याचे निदान करून एक गोळी सुरू केली. महिनाभरात झोप सुधारली, रडू कमी झाले, पण डोक्यातले धुके तसेच राहिले. तिसऱ्या भेटीत मॅडमनी अचानक विचारले, "डोळे मिटून तोंड धुताना तोल जातो का?" मी चपापले. साबण लावून डोळे मिटले की मी बेसिनवर पुढे झुकत असे, म्हणून कित्येक महिने डाव्या हाताने नळ धरूनच तोंड धूत होते. हे मी कोणालाच सांगितले नव्हते, कारण ते लक्षण असू शकते हेच माझ्या ध्यानात आले नव्हते. पावलांना मुंग्या येत होत्या, जिभेची आग होत होती. त्याचे खापर मी अनुक्रमे चपलांवर आणि लोणच्यावर फोडून मोकळी झाले होते.

मॅडमनी कंपनकाटा, म्हणजे वाजवल्यावर थरथरत राहणारा धातूचा दुशाखी काटा, वाजवून घोट्याच्या हाडावर टेकवला. काटा घुमत असल्याचे कानांना कळत होते, हाडाला मात्र कळत नव्हते. मनगटावर ठेवल्यावर तीच थरथर स्पष्ट जाणवली. जुने अहवाल काढायला सांगितल्यावर पहिल्याच कागदावर हिमोग्लोबिनच्या खाली चार ओळींवर एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचे सरासरी आकारमान, १०३ असे ठळक ठशात छापलेले दिसले. सर्वसाधारण मर्यादा ८० ते १०० असते. तो कागद तेव्हापासून माझ्याच फायलीत होता. डॉक्टरांच्या नजरेतून तो आकडा सुटला याचा राग मला आला खरा. पण ठळक अक्षरे पाहण्याचेच पैसे जिला मिळतात तिनेही तो पाहिला नव्हता.

नव्या तपासणीत एमसीव्ही ९६ वर आलेले होते. वरवर पाहता ही सुधारणा. खरे तर ती दिशाभूल होती. रक्तपेशी तयार होण्यासाठी बी-१२ जीवनसत्त्व आणि फोलेट (फॉलिक अ‍ॅसिड हे त्याचेच गोळीतले रूप) दोन्ही लागतात, आणि बाहेरून फॉलिक अ‍ॅसिड भरपूर मिळाले की बी-१२ कमी असतानाही रक्ताचे चित्र सुधारू शकते. मज्जातंतूंवरील आवरण टिकवण्याचे काम मात्र फॉलिक अ‍ॅसिड करू शकत नाही. त्यामुळे रक्त निर्दोष दिसत राहते आणि मज्जातंतूंची झीज आत चालूच राहते. माझे बी-१२ निघाले ११८ पिकोग्रॅम; प्रयोगशाळेची खालची मर्यादा २११ होती. बी-१२ कमी पडले की रक्तात वाढणारे होमोसिस्टीन १५ च्या आत असावे, ते ३८ होते. ड जीवनसत्त्वही १३ नॅनोग्रॅम, म्हणजे कमीच.

रक्तक्षय नसताना हे असे कसे, हा प्रश्न मला छळत होता. मॅडमनी १९८८ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेल्या एका अभ्यासाची माहिती दिली. बी-१२च्या कमतरतेमुळे मेंदूची आणि मज्जातंतूंची लक्षणे असलेल्या १४१ रुग्णांपैकी ४० जणांत रक्तक्षयही नव्हता आणि पेशीही मोठ्या झालेल्या नव्हत्या. आपल्याकडचे चित्र तर घराजवळचेच आहे. पुण्याजवळच्या सहा गावांतील गरोदर स्त्रियांचा जो दीर्घकालीन अभ्यास पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी केला, त्यात सुमारे दोन-तृतीयांश मातांमध्ये बी-१२ कमी आढळले. फोलेट मात्र एकीचेच कमी होते. आमच्या वरणभात-पालेभाजीच्या जेवणाचे हे तंतोतंत वर्णन आहे. पालेभाजीतून फोलेट मिळते, बी-१२ मिळत नाही. ते दूध, अंडी, मासे आणि मांसातून येते, आणि माझ्या पोटात जाणारे दूध म्हणजे दोन कप चहातले. स्पिरुलिनात बी-१२ असते अशी जाहिरात वाचून मी त्या गोळ्याही दोन महिने खाल्ल्या होत्या. स्पिरुलिनात जे असते ते बहुतांशी बी-१२सारखे दिसणारे, शरीराला निरुपयोगी असे संयुग असते, हे नंतर कळले.

दुसरे कारण माझ्या औषधांच्या डब्यात होते. सहा वर्षे मी रोज सकाळी अनशेपोटी आम्लपित्ताची पॅन्टोप्राझोलची गोळी घेत होते. अन्नातील प्रथिनांना चिकटलेले बी-१२ सुटे व्हायला जठरातले आम्ल लागते, आणि तेच मी रोज दाबून टाकत होते. यकृतात बी-१२चा साठा काही वर्षे पुरेल इतका असतो, म्हणून कमतरता उशिरा आणि चोरपावलांनी येते.

मिथाइलकोबालामिनची १५०० मायक्रोग्रॅमची इंजेक्शने आधी एकाआड एक दिवस, मग आठवड्याला, मग महिन्याला, असा क्रम ठरला. प्रकाशाने औषध बिघडते म्हणून ते गडद तपकिरी कुपीत येते; सिरिंजमध्ये ओढले की डाळिंबाच्या रसासारखे लाल दिसते. दवाखान्यातल्या सिस्टर "ताई, पाय सैल सोडा" म्हणायच्या, आणि पुढचा अर्धा मिनिट ते चांगलेच चुरचुरायचे. दुसऱ्या आठवड्यात मुंग्या कमी होण्याऐवजी वाढल्या, तेव्हा मी घाबरून फोन केला. सुरुवातीला असे काहींना होते, उपचार थांबवू नका, असे उत्तर मिळाले. ड जीवनसत्त्वाची ६०,००० एककांची पुडी आठवड्यातून एकदा, अशा आठ पुड्या दुधातून घेतल्या.

याच सुमारास मला वाटू लागले की सगळा दोष जीवनसत्त्वांचाच होता, तर मनाची गोळी कशाला? मॅडमनी हे ठामपणे मोडून काढले. बी-१२ची कमतरता हे नैराश्याचे एक कारण असू शकते, त्यात भर घालू शकते, किंवा नुसती शेजारी असू शकते. माझ्या बाबतीत यांतले नेमके कोणते, हे रक्ताच्या आकड्यावरून ठरवता येणार नव्हते. ड जीवनसत्त्वाबद्दल तर अमेरिकेतील १८,००० हून अधिक प्रौढांच्या चाचणीचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले, आणि ते रोज घेऊन नैराश्य टळत असल्याचे त्यांत दिसले नाही. हाडांसाठी पुड्या घ्याव्यात, मनासाठी त्यांच्यावर विसंबू नये, असा मॅडमचा सल्ला मला पटला. मी गोळी सोडली नाही.

सुधारणा ज्या क्रमाने झाली त्यात मला गंमत वाटते. आधी जीभ बरी झाली, दहा-बारा दिवसांत. मग शब्द परत येऊ लागले. सहाव्या आठवड्यात एका प्रस्तावनेत 'कवयत्री' दिसताच पेन्सिल आपोआप 'य'वर थांबली आणि मी वेलांटी दिली. पाच महिन्यांनी आम्लपित्ताची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू बंद झाली. आता इंजेक्शने संपून रोज १००० मायक्रोग्रॅमची गोळी चालू आहे. एवढ्या मोठ्या मात्रेतला जेमतेम एक टक्का भाग वेगळ्या वाटेने शोषला जातो, पण प्रौढाची दिवसाची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमचीच असल्याने तोही पुरतो. मनाची गोळी पुढच्या महिन्यापासून निम्मी करायची आहे.

तोंड धुताना आता नळ धरावा लागत नाही. उजव्या पायाच्या अंगठ्यात मात्र कंपनकाटा अजून कळत नाही. वर्षभरात जे परतले नाही ते परत येईलच असे नाही, हे मॅडमनी मागच्या भेटीत सांगून ठेवले आहे. जिना उतरताना मी कठड्याला हात लावून उतरते.