वहीतली पहिली ओळ

माझी आई महिन्याचा हिशेब शंभर पानी वहीत लिहीत असे. वडील सातारा जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात नोकरीला होते आणि गळीत हंगाम संपला की त्यांचा पगार कधी दोन, कधी तीन महिने थकत असे. त्यामुळे घरात पैसा कोणत्या तारखेला येईल याचा भरवसा नव्हता, पण आईच्या वहीतला क्रम मात्र कधी बदलला नाही. प्रत्येक महिन्याच्या पानावर पहिली ओळ ‘भिशी – ५००’ आणि दुसरी ‘पोस्ट – ३००’ अशी असे. दूध, किराणा, गॅस, आमची शाळेची फी हे सारे त्या दोन ओळींच्या खाली येई. लहानपणी मला ती नुसती लिहिण्याची पद्धत वाटत होती. २०१७ मध्ये मला पुण्यात पहिली नोकरी लागली, महिन्याला २४,६०० रुपये हातात येऊ लागले आणि वर्षभरातच क्रेडिट कार्डाचे चाळीस हजारांचे देणे झाले, तेव्हा त्या क्रमाचा अर्थ मला कळला.

हे देणे चैनीतून झाले नव्हते. खोलीची अनामत रक्कम, जुना लॅपटॉप बंद पडल्यामुळे घ्यावा लागलेला नवा, दोन मैत्रिणींच्या लग्नांचा प्रवास आणि आहेर, दिवाळीत घरी नेलेले कपडे असे प्रत्येक वेळी पटण्याजोगे कारण होते. कार्डाच्या बिलावर दोन आकडे छापलेले असतात, एकूण देय रक्कम आणि किमान देय रक्कम. किमान रक्कम भरली की विलंब शुल्क लागत नाही, म्हणून मी तेवढीच भरत राहिले. ४०,००० रुपयांवर पाच टक्क्यांप्रमाणे ती २,००० होत होती. दरमहा साडेतीन टक्के दराने व्याज झाले १,४०० रुपये, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटीचे २५२ रुपये. म्हणजे मी भरलेल्या दोन हजारांपैकी मूळ देण्यातून वजा झाले फक्त ३४८. कार्डाने नवीन खरेदी पूर्ण थांबवूनही पाच महिन्यांत मी जवळजवळ दहा हजार रुपये भरले आणि देणे दोन हजारांनीसुद्धा कमी झाले नाही. त्या काळात खरेदी केली असती तर तिच्यावर पहिल्या दिवसापासून व्याज लागले असते, कारण मागची बाकी पूर्ण भरली नसेल तर बिनव्याजी मुदतीची सवलत मिळत नाही. हा हिशेब बिलाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत दिलेला होता आणि तो मी सहाव्या महिन्यात वाचला.

शेवटी मी घरी सांगितले. आई रागावली नाही. तिची भिशी तोवर दोन हजारांची झाली होती आणि तिच्यात बारा जणी होत्या. तिने बाकीच्यांना विचारून पुढच्या महिन्याचा नंबर स्वतःकडे घेतला आणि चोवीस हजार रुपये माझ्या खात्यात भरले. उरलेले सुमारे चौदा हजार मी चार महिन्यांत फेडले आणि आईचे पैसे दरमहा दोन हजारांप्रमाणे वर्षभरात परत केले. तिची अट एकच होती, की रोज रात्री झोपण्यापूर्वी दिवसाचा खर्च मी स्वतःच्या हाताने वहीत लिहावा.

मोबाइलमध्ये सगळे व्यवहार आपोआप नोंदले जात असताना हाताने लिहिण्याची गरज काय, असे मला प्रथम वाटले. परंतु यूपीआयने पैसे देताना काही दिल्यासारखे वाटतच नाही. पाचशेची नोट मोडताना हात क्षणभर थांबतो, तसा तो पडद्यावर थांबत नाही. रात्री आठवून आठवून लिहिताना तो क्षण परत येतो. पहिल्या तीन महिन्यांच्या नोंदी पाहून मला जे समजले, ते माझ्या अपेक्षेपेक्षा वेगळे होते. तरुणांना नेहमी सांगितले जाते की चहा-कॉफी आणि बाहेरचे खाणे यांतच पैसे गळतात. माझ्या वहीत त्या खर्चाचा आकडा होता, पण महिना कोलमडण्याचे कारण तो नव्हता. कारण होते वर्षातून एक-दोनदाच येणारे खर्च: गावची जत्रा, दिवाळी, लग्नांचे आहेर, स्कूटरचा विमा, चष्म्याची नवी काच, खोलीचा करार संपल्यावर द्यावी लागणारी दलाली. यांतला कोणताही खर्च अनपेक्षित नव्हता, तरी प्रत्येक खर्च मी संकटासारखा पुढे आलेला पाहत होते आणि कार्ड बाहेर काढत होते. वर्षाअखेरीस ते सारे एकत्र मांडले तेव्हा बेरीज ३६,००० च्या आसपास आली. तेव्हापासून मी दरमहा ३,००० रुपये वेगळ्या बचत खात्यात टाकते आणि असा खर्च आला की त्याच खात्यातून करते. माझ्या पैशांच्या व्यवहारात या एका बदलाने जितका फरक पडला, तितका दुसऱ्या कशानेही पडला नाही.

आज माझ्या वहीतल्या पहिल्या ओळी पगाराच्या दुसऱ्या दिवशी, बँकेला दिलेल्या कायम सूचनेनुसार, मला काहीही न करावे लागता पूर्ण होतात. सुरुवात १,००० रुपयांच्या आवर्ती ठेवीने, म्हणजे दरमहा ठरलेली रक्कम भरण्याच्या ठेवीने (आरडी) झाली. पुढे प्रत्येक पगारवाढीतला निम्मा भाग मी त्या ओळींत घालत गेले. सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीतही (पीपीएफ) थोडी रक्कम जाते आणि ती महिन्याच्या पाच तारखेच्या आत जाईल अशी व्यवस्था मी केली आहे, कारण त्या खात्यावरचे व्याज पाच तारखेनंतर महिनाअखेरपर्यंत राहिलेल्या सर्वांत कमी शिलकीवर मोजले जाते. म्युच्युअल फंडातली मासिक गुंतवणूक मी सर्वांत शेवटी, कार्डाचे देणे पूर्ण फिटल्यानंतर सुरू केली. वर्षाला चाळीस टक्क्यांहून अधिक व्याजाचे कर्ज डोक्यावर असताना बारा टक्के मिळतील या आशेने गुंतवणूक करणाऱ्या मित्रांना मी आजही आधी कर्ज फेडा असे आग्रहाने सांगते.

वडिलांचे थकलेले पगार आठवत असल्यामुळे सहा महिन्यांचा घरखर्च मुदत ठेवीत बाजूला ठेवायचा हे मी लवकर ठरवले. तो जमायला अडीच वर्षे लागली. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि सुरुवातीला खातेदारांना फक्त १,००० रुपये काढता येतील असे जाहीर झाले, तेव्हा मुंबईतल्या शाखांबाहेरच्या रांगा आम्ही सर्वांनी बातम्यांत पाहिल्या. बँक बुडाली तर ठेवीदाराला पैसे मिळावेत म्हणून ठेवींवर विमा असतो; त्या वेळी त्याची मर्यादा एक लाख होती. फेब्रुवारी २०२० मध्ये ती पाच लाख झाली. ही मर्यादा एका बँकेतल्या एका खातेदाराच्या सर्व ठेवी आणि व्याज मिळून असते, म्हणून अडचणीच्या वेळचे पैसे दोन बँकांत ठेवणे मला योग्य वाटते.

नोकरी बदलताना पगारातून कापल्या जाणाऱ्या भविष्यनिर्वाह निधीचे (पीएफ) पैसे काढून घेणे ही माझ्या ओळखीच्या अनेकांनी केलेली चूक आहे आणि तिच्याबद्दल मला खरोखर वाईट वाटते. मूळ वेतन १५,००० असेल तर १२ टक्क्यांप्रमाणे १,८०० रुपये आपल्या पगारातून कापले जातात आणि कंपनीही तेवढेच भरते. कंपनीच्या वाट्यातले १,२५० निवृत्तिवेतन योजनेत जातात आणि ५५० आपल्या निधीत जमा होतात. तीन वर्षांत व्याजासह ९० हजारांहून अधिक साठतात. माझ्या एका सहकाऱ्याने दोन नोकऱ्यांच्या मधल्या काळात ते सगळे काढले, कारण तेव्हाच्या नियमांनुसार दोन महिने नोकरी नसेल तर पूर्ण रक्कम मिळत असे, आणि त्यातून नवा फोन व मोटारसायकलचा पहिला हप्ता भरला. ८.२५ टक्के दर कायम राहिला असे धरले तर तेच पैसे पस्तीस वर्षांत सोळापट, म्हणजे चौदा लाखांच्या वर जातात. महागाईमुळे त्या वेळच्या चौदा लाखांचे मोल आजच्याइतके नसेल, तरी त्या फोनचे आणि त्या हप्त्याचे मोल आज काहीच उरलेले नाही. शिवाय पाच वर्षांची सलग सेवा होण्याआधी रक्कम काढली तर ती करपात्र ठरते.

गावाकडे पैसे पाठवण्याविषयी मात्र बचतीच्या सल्ल्यांत फारसे कोणी बोलत नाही. माझ्याबरोबर पुण्यात राहणाऱ्या बहुतेक मुली दरमहा घरी काही रक्कम पाठवत होत्या आणि त्या रकमेला हिशेबात जागा नसल्यामुळे अपराधी भावनेने कधी जास्त, कधी उसने घेऊन पाठवत होत्या. मी आई-वडिलांशी बसून आकडा ठरवला. ते बोलणे अवघड होते, कारण आपल्याकडे पगार झालेल्या मुलीने घरच्यांना देण्याची मर्यादा सांगणे परकेपणाचे मानले जाते. परंतु ठरलेली रक्कम दरमहा वेळेवर येऊ लागल्यावर वडिलांनी तिच्यातूनच औषधांचा खर्च नीट आखला, आणि पुढे त्यांच्या आरोग्यविम्याचा हप्ताही आम्ही त्याच बोलण्यातून ठरवला.

गेल्या वर्षी धाकट्या भावाला नाशिकला नोकरी लागली. आवर्ती ठेव किती रुपयांची काढू, असे त्याने फोनवर विचारले. मी त्याला आधी भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यावरचे नाव आणि जन्मतारीख आधार कार्डाशी जुळते का ते पाहायला आणि वारसाची नोंद करायला सांगितले. नोंद झाल्यावर त्याने मला वहीच्या पानाचा फोटो पाठवला. पहिली ओळ होती, ‘ठेव – १,५००’. दुसरी, ‘घरी – ४,०००’. आणि त्याखाली खोलीचे भाडे.