पडद्याला फूटपट्टी लावली तेव्हा

घरी पडद्यावर माझे थ्रीडी फोटो दाखवत होतो. पहिल्या तीन फोटोंना "बापरे, केवढं खोल दिसतंय!" झालं. चौथ्याला वहिनींनी लाल-निळा चष्मा काढून कपाळ चोळलं आणि पुतणी म्हणाली, "काका, डोंगर दोन दोन दिसतायत."

चौथा माझा सगळ्यात लाडका. मीटरभरावर फुलांनी लगडलेली फांदी, मागे पार क्षितिजाला डोंगर. एकाच मोबाइलनं काढलेला: डाव्या पायावर भार देऊन एक, डाव्या डोळ्यासाठी; उजव्यावर देऊन दुसरा, उजव्यासाठी. पडद्यावर एक लालसर, एक निळसर होऊन ते एकावर एक पडतात आणि चष्मा ज्याचं त्याला दाखवतो. दोन्हींमध्ये साडेसहा सेंटिमीटर, म्हणजे डोळ्यांत असतं जवळजवळ तेवढंच; मग चुकणार कुठे? लॅपटॉपवर तर महिनाभर कौतुकानं बघत होतो.

सगळे उठून गेल्यावर चष्मा न लावता प्रोजेक्टरच्या पडद्यापाशी गेलो. फांदी मी पडद्याच्या पातळीवर जुळवलेली, त्यामुळे तिच्या कडा एकावर एक होत्या. डोंगराच्या मात्र दोन रेषा, एक लालसर, एक निळसर. मध्ये फूटपट्टी धरली: ९४ मिलिमीटर. लॅपटॉपवर तेच अंतर १६ भरलं.

गोम इथेच होती. मोठ्या माणसाच्या दोन बाहुल्यांत सरासरी ६३ मिलिमीटर अंतर असतं, लहान मुलांत त्याहून कमी. खूप लांबचं बघताना दोन्ही नजरा समांतर असतात. पडद्यावर एकाच वस्तूच्या दोन रेषा त्या ६३ पेक्षा जास्त फाकल्या की नजरा बाहेरच्या बाजूला वळवाव्या लागतात, आणि एरवी डोळ्यांवर तशी वेळ येतच नाही. फोटो तोच, पण पडदा २ मीटर रुंद झाला तसं अंतरही ताणलं गेलं. पुतणीचं बरोबर होतं. तिला डोंगर जुळणंच शक्य नव्हतं.

मला मात्र तो त्या पडद्यावरही जुळत होता. फोटोंच्या अशा जोड्या चष्म्याशिवाय बघत आल्यामुळे माझे डोळे पहिलवान झालेत. परीक्षक म्हणून बिनकामाचे. तेव्हापासून भरवसा फूटपट्टीवर.

फोटो काढतानाचा जुना ठोकताळा असा: सर्वात जवळच्या वस्तूच्या अंतराचा तिसावा भाग, तेवढाच कॅमेरा सरकवायचा. साडेसहा सेंटिमीटर सरकवायचा तर पहिली वस्तू २ मीटरच्या आत नको. माझी फांदी १ मीटरवर, म्हणजे दुप्पट खोली भरली होती. ठोकताळा आंधळेपणानं मात्र वापरू नये. मागे लगेच भिंत असेल तर जास्त सरकवलं तरी चालतं, कारण खोली जवळच्या-लांबच्या फरकातून येते. झूम तिप्पट केला तर सरकवणं एक तृतीयांशावर आणावं लागतं. आणि मोठा पडदा ठरलेला असेल तर तिसाव्यापेक्षाही कमीच बरं.

मग दोन मोबाइल पट्टीवर बसवून व्हिडिओ. डोळे आत वळतात म्हणून मोबाइलही किंचित आत वळवले, आणि फसलो. दोन्ही चौकटी उलटसुलट तिरक्या झाल्या. कोपऱ्यांत एकाच खिडकीची कड डाव्या चित्रात वर, उजव्यात खाली. आडवा फरक डोळे सोसतात, उभा अगदी थोडासा. मोबाइल समांतर ठेवून नंतर चित्रं सरकवणं हाच सरळ मार्ग. आणखी एक त्रास निघाला: जवळच्या चेहऱ्यावरून एकदम लांबच्या दृश्यावर कट मारला की डोळे क्षणभर हरवतात. असे कट मी कमी केले.

फांदीचा फोटो वाचवायचा प्रयत्नही केला. चित्रं सरकवून डोंगराच्या रेषांमधलं अंतर ६२ वर आणलं, तर फांदीच्या कडा उलट्या बाजूनं ३२ मिलिमीटर फाकल्या आणि ती पडद्याच्या पुढे आली. फांदीची डावी बाजू चौकटीनं कापलेली. पुढे आलेली वस्तू मागच्या चौकटीनं कापावी, हे मेंदूला पटेना. डाव्या डोळ्याच्या चित्राची डावी कड आणि उजव्याच्या चित्राची उजवी कड काळ्या पट्टीनं झाकली, तशी चौकटही पुढे सरकली आणि ते भांडण मिटलं. पण एकूण ९४ होते ते ९४च राहिले: नजर फांदीवरून डोंगरावर न्यायची तर तेवढीच कसरत, आणि डोळ्यांचा फोकस बिचारा सारा वेळ पडद्यावरच अडकलेला.

वहिनींना दाखवला. "फांदी छान आहे," म्हणाल्या आणि चष्मा काढला. आता तो फक्त लॅपटॉपवर असतो.