एका वर्षात दोन ईस्टर

२०२४ साली मी दोनदा ईस्टर साजरा केला. पहिला ३१ मार्चला, जालन्यात. पहाटे अंधारातच मेणबत्त्या घेऊन कबरस्तानात गेलो, नवऱ्याच्या कबरीवर फुलं वाहिली, उजाडताना मंडळीबरोबर गायले. दुसरा ५ मेला, जॉर्जियाच्या राजधानीत, तिबिलिसीला. तिथली मंडळी ऑर्थोडॉक्स. सणाची तारीख ते जुन्या ज्युलियन पंचांगावरून काढतात, त्यामुळे कधी दोन्ही ईस्टर एकाच रविवारी येतात, तर कधी असं पाच आठवड्यांचं अंतर पडतं.

लेक तिथे एमबीबीएसला आहे. आपल्याकडची बरीच पोरं आहेत तिकडे. तिच्याच इमारतीत नांदेडची एक आणि परभणीच्या दोघी. ती सकाळी कॉलेजला गेली की मी एकटी. "मम्मी, कुठंही फिर, फक्त संध्याकाळी रुस्तावेली रस्त्याकडं जाऊ नको," एवढंच तिचं सांगणं, कारण त्या दिवसांत संसदेसमोर निदर्शनं चालू होती. मी सुती साडी नेसून, पाण्याची बाटली घेऊन निघायचे. अठ्ठावीस वर्षं पहिलीच्या पोरांना अक्षरं गिरवायला लावली, आणि तिथे दुकानाच्या पाटीवरचं एक अक्षर मला लागत नव्हतं.

पहिला शब्द शिकले तो 'गामारजोबा'. तिकडचा नमस्कार. याच्या मुळाशी 'विजय' आहे असं लेकीने सांगितलं, तेव्हा अंगावर काटा आला. आम्ही जालन्यात एकमेकांना भेटलो की "जय ख्रिस्त" म्हणतो. इतक्या लांबची माणसंही भेटल्या भेटल्या जयच चिंतत होती. मग कान उघडले. बापाला ते 'मामा' म्हणतात. आणि रोटीला म्हणतात 'पुरी'.

ही पुरी भाजणारं एक दुकान आमच्या गल्लीच्या टोकाला होतं, रस्त्यापासून चार पायऱ्या खाली. आत विहिरीसारखी गोल मातीची भट्टी. भाजणारा कमरेपर्यंत आत वाकायचा, लांबट कणीक आतल्या भिंतीवर थापायचा आणि लालबुंद चेहऱ्याने वर यायचा. रोटी निघायची होडीसारखी, दोन्हीकडे टोकं असलेली. पहिल्या दिवशी पैसे कसे द्यायचे कळेना म्हणून मी बाजूला उभी राहिले. रांगेतल्या एका बाईने स्वतःच्या गरम रोटीचं टोक मोडलं आणि काही न बोलता माझ्या हातावर ठेवलं. माझी आई भाकऱ्या थापत असली की दारात आलेल्याला चतकोर दिल्याशिवाय जाऊ देत नसे. त्या बाईचा हात अगदी तसाच पुढे आला होता.

तिबिलिसीहून जवळच्याच म्त्सखेता या जुन्या गावाला मार्श्रुत्काने गेले. मार्श्रुत्का म्हणजे त्यांची काळीपिवळी, फक्त जरा मोठी. वाटेत एक चर्च दिसलं तशी गाडीतल्या म्हाताऱ्या-तरण्या सगळ्यांनी छातीवर तीनदा क्रूसाची खूण केली. भोकरदनच्या एसटीत राजूरचा गणपती आला की असेच हात जोडले जातात. त्या एसटीत मी गप्प बसलेली असते. इथे पहिल्यांदा गाडीभर माणसं माझ्या प्रभूसाठी हात हलवत होती, आणि तरी मी गप्पच होते, कारण आमच्या मंडळीत अशी खूण करत नाहीत.

म्त्सखेताचं स्वेतीत्सखोवेली चर्च अकराव्या शतकातलं. येशूचा बिनशिवणीचा झगा या चर्चच्या खाली पुरलेला आहे, अशी तिथली श्रद्धा आहे. येशूला क्रूसावर दिलं तेव्हा शिपायांनी तो फाडला नाही, कोणाला मिळावा म्हणून चिठ्ठ्या टाकल्या, हे शुभवर्तमान मी किती वेळा वाचलं असेल. पण पैठणच्या मागावर एका पदराला लागणारे दिवस पाहिलेल्या मला तिथे उभं राहून पहिल्यांदा तो झगा विणणाऱ्या हातांची आठवण झाली. आत बाकं नाहीत, सगळे उभे. बायकांच्या डोक्यावर रुमाल. मी पदर घेतला होता. मूर्तिचित्रांना माणसं ओठ टेकवत होती; ते माझ्याच्याने झालं नाही. तेवढ्यात पदर घसरला, आणि मेणबत्त्या विकणाऱ्या आजीने उठून तो नीट केला, माझी आई करायची तसा, कानामागे खोचून. मग तिने विचारलं, "इंदोएती?" म्हणजे भारत का. मी मान हलवली. तिने माझ्या गळ्यातल्या क्रूसाकडे बोट केलं, भुवया वर गेल्या.

हा प्रश्न मला नवा नाही. जालन्यात गेली पन्नास वर्षं ऐकते आहे, तेही प्रेमाच्या माणसांकडून: "ताई, तुम्ही लोक मूळचे कुठले?" मूळचे इथलेच हो. पणजोबा बेथेलचे. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ वसवलेलं ते गाव. काळ्या मातीत राबलेली, ज्वारीवर वाढलेली माणसं. तरी प्रश्न संपत नाही, आणि दर वेळी आत कुठेतरी टोचतो. इथेही तोच प्रश्न आला म्हणून मी खाली बघितलं. पण आजी म्हणाली, "केतेवान!"

केतेवान त्यांची राणी. धर्म सोडायला नकार दिला म्हणून १६२४ साली इराणात शिराजला तिला हाल करून मारलं. ऑगस्टिनियन साधूंनी तिच्या अस्थी गोव्याला आणल्या. पुढे जुन्या गोव्यातल्या पडक्या मठात उत्खननात अस्थी सापडल्या, हैदराबादच्या प्रयोगशाळेत त्यांची डीएनए तपासणी झाली आणि २०२१ साली भारताने त्या जॉर्जियाला दिल्या. आजीला हे सगळं ठाऊक होतं. माझा हात तिने दोन्ही हातांत धरला. तिच्या माणसाला आमच्या मातीने चारशे वर्षं सांभाळलं होतं.

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, तिकडे सगळं गाव कबरस्तानात जातं. घरमालकीण आम्हालाही घेऊन गेली. टोपलीत गोड पाव, मंजिष्ठेच्या जातीच्या मुळीत रंगवलेली लाल अंडी, घरची वाइन. दगडांवर मेलेल्यांचे चेहरे कोरलेले. शेजारच्या कबरीपाशी एक म्हातारी एकटीच बसली होती. "क्रिस्ते आघ्सद्गा," ती म्हणाली. ख्रिस्त उठला आहे. उत्तर लेकीने शिकवून ठेवलं होतं: "चेश्मारिताद आघ्सद्गा." खरोखर उठला आहे. पाच आठवड्यांपूर्वी जालन्यात हेच शब्द मराठीत म्हटले होते.

दगडावरचा पुरुष तिने दाखवला, मग स्वतःच्या बोटातली अंगठी. मी फोनमध्ये नवऱ्याचा फोटो काढून दिला. बराच वेळ बघत राहिली. मग पेला भरून तिने थोडी वाइन मातीवर ओतली आणि पेला माझ्यापुढे धरला. आमच्या घरात दारू कधी आली नाही, प्रभुभोजनालाही द्राक्षाचा रसच असतो. पण त्या वेळी मला कडवंचीचे द्राक्षमळे आठवले, आणि जॉर्जियात ख्रिस्ताची वार्ता आणणारी संत निनो आठवली, जिने द्राक्षवेलीच्या काड्यांना स्वतःचे केस बांधून क्रूस केला होता, असं हे लोक सांगतात. मी प्यायले नाही. तिच्यासारखीच मातीवर ओतली. तिने मान हलवून विचारलं, नाव काय?

मी सांगितलं. तिने दोनदा चुकवलं. तिसऱ्यांदा नीट उच्चारलं, आणि टोपलीतलं एक लाल अंडं माझ्या हातात देऊन तिच्या माणसाच्या दगडाकडे खूण केली. मी ते त्याच्यावरून हळूच घरंगळत सोडलं.