लाल औषध आणि हृदय

आज किमोच्या डे-केअरमध्ये पुन्हा तेच दिसलं. फाइल जाडजूड, पण किमोआधीचा टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) नाही. मग आताचं ईएफ (दर ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा) 48 कशाशी ताडून बघायचं? आधी 60 असेल तर ही मोठी घसरण आहे.

डॉक्सोरुबिसिन, किमोचं ते लालभडक औषध, हृदयाच्या स्नायूला इजा करतं आणि ती डोसागणिक साठत जाते. शरीराच्या दर चौरस मीटरमागे 450 ते 550 मिलिग्रॅम ही सहसा आयुष्यभराची मर्यादा. म्हणून दहा वर्षांपूर्वी किमो झाली असेल तरी तो जुना कागद आणाच!

पाय सुजले, आडवं झाल्यावर दम लागला, दोन-तीन दिवसांत 2 किलो वजन वाढलं, तर ‘किमोचा थकवा असेल’ म्हणत पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका. त्याच दिवशी फोन करा.

ट्रास्टुझुमॅबवाल्यांनी (हे मुख्यतः स्तनाच्या कॅन्सरवरचं औषध) ते चालू असताना दर 3 महिन्यांनी इको करायचा. त्या औषधाने झालेली ईएफची घट बहुतेकदा भरून येते.