उद्यमबागेतले मेलवाले: आमची वाटचाल

आमच्या पाटीवर अजून 'कार्ट्रिज रिफिलिंग करून मिळेल' असंच लिहिलंय. रिफिलिंग बंद करून बरीच वर्षं झाली, आता आम्ही कारखान्यांचे ईमेल सांभाळतो. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सगळे आम्हाला 'मेलवाले' म्हणून ओळखतात, त्यामुळे पाटीवाचून काही अडत नाही.

सुरुवात केली तेव्हा बेळगाव कागदोपत्री बेळगावी व्हायचं होतं, म्हणजे नोव्हेंबर २०१४ च्या आधीची गोष्ट. एका फाउंड्रीत प्रिंटर दुरुस्तीला गेलो होतो. मालक म्हणाले, "फुकटच्या आयडीवरनं कोटेशन पाठवलं तर पुण्याची पार्टी हसते ओ. कंपनीच्या नावाचा मेल करून द्या की." मी हो म्हणून बसलो. भाड्याच्या सर्व्हरवर पोस्टफिक्स आणि डव्हकॉट, म्हणजे मेल पाठवणारं आणि मेल वाचायला देणारं सॉफ्टवेअर, बसवलं, रात्री जागून, वाचून वाचून. चाललं. त्यांच्या ओळखीनं मच्छेतले दोन कारखानदार आले, मग निपाणीचे एक तंबाखूचे व्यापारी.

पहिली काही वर्षं सगळ्यांना मेल पाठवायला पोर्ट २५ (पोर्ट म्हणजे सर्व्हरचं नंबर असलेलं दार) दिलं होतं, एन्क्रिप्शनशिवाय, म्हणजे वाटेत कुणालाही वाचता येईल असं. सांगायला लाज वाटते. पासवर्ड बेस६४ मध्ये जातो म्हणजे झाकून जातो, असा माझा समज होता. बेस६४ म्हणजे नुसता पुडा, दोरा सोडला की आतलं कुणालाही दिसतं.

त्या काळात आउटलुक या मेलच्या प्रोग्राममधल्या एका चौकोनानंही फार छळलं. 'सिक्युअर पासवर्ड ऑथेंटिकेशन'. नावातच सिक्युअर, त्यामुळे प्रत्येक ऑफिसात कुणीतरी तिथं टिक करायचंच. ती मायक्रोसॉफ्टची एनटीएलएम नावाची लॉगिनची पद्धत, आणि आमच्या सर्व्हरला ती येतच नव्हती. टिक काढली की मेल सुरू. एवढ्या एका टिकेसाठी मी भर पावसात दोनदा खानापूर गाठलंय.

मग एका सोमवारी सकाळी बघतो तर रांगेत हजारो मेल. एका ग्राहकाचा पासवर्ड म्हणजे कंपनीचं नाव आणि पुढं १२३. कुणीतरी तो ओळखला आणि रात्रभर आमच्या सर्व्हरवरून जाहिराती पाठवल्या. आमचा आयपी, म्हणजे सर्व्हरचा इंटरनेटवरचा पत्ता, स्पॅम पाठवणाऱ्यांच्या ब्लॅकलिस्टमध्ये गेला, आठवडाभर कुणाचंच कोटेशन धड पोचेना. दोन ग्राहक सोडून गेले. त्यांच्या जागी मी असतो तर मीही गेलो असतो.

त्यानंतर सगळं आवळलं. पोर्ट २५ वरचं लॉगिन बंद. मेल पाठवायचा तर पोर्ट ५८७ वर स्टार्टटीएलएस करून, म्हणजे जोडणी झाल्यावर एन्क्रिप्शन सुरू करून, नाहीतर ४६५ वर, जिथं ते पहिल्यापासूनच असतं, आणि टीएलएस (हेच ते एन्क्रिप्शन) लागल्याशिवाय सर्व्हर पासवर्ड घेणारच नाही. सगळ्यांचे पासवर्ड बदलून दिले. वर फेल-टू-बॅन बसवलं: पाचदा चुकीचा पासवर्ड आला की तो आयपी तासभर बाहेर.

दोनच दिवसांनी त्या पहिल्या फाउंड्रीतून फोन. "सर, मेल होगतिल्ला री! (मेल जात नाहीये हो!) आख्खं ऑफिस बंद." तासाभरानं आपोआप सुरू, पंधरा मिनिटांत पुन्हा बंद. त्यांना वाटलं, नेट गेलंय. मी लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, उघडला तर मालकांच्या खात्यावर ठरावीक वेळानं ५३५, म्हणजे पासवर्ड चुकीचा. ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर तपासले, एकाचाही पासवर्ड चुकीचा नाही. पण सगळे एकाच राउटरमागे, बाहेरून आयपी एकच. एक चुकला की सगळ्यांना शिक्षा. चुकणारा संध्याकाळी सापडला. देवाच्या फोटोखालच्या फळीवर मालकांचा जुना फोन चार्जिंगला लावलेला, सकाळी भक्तिगीतं लावायला ठेवलेला. वायफाय चालू, आणि इमानेइतबारे जुनाच पासवर्ड पाठवतोय. मालक म्हणाले, "त्याला कुठं माहीत, तुम्ही बदललाय ते."

तेव्हापासून फोन आला की आम्ही पहिल्यांदा विचारतो, हे खातं आणखी कुठल्या कुठल्या फोनवर आहे?

मार्च २०२१ मध्ये टीएलएसच्या जुन्या आवृत्त्या, १.० आणि १.१, अधिकृतपणे मोडीत निघाल्या. आम्हीही बंद केल्या. लगेच एका हायड्रॉलिकवाल्यांच्या अकौंटंटबाईंचा आउटलुक पासवर्ड विचारत बसला. त्यांनी तो दहादा टाकला, मग रडकुंडीला येऊन फोन केला. गंमत अशी की लॉगमध्ये ५३५ एकदाही नव्हता. होतं ते 'अनसपोर्टेड प्रोटोकॉल'. पासवर्ड सर्व्हरपर्यंत पोचलाच नव्हता, त्याआधी हँडशेकमध्येच, म्हणजे कुठलं टीएलएस वापरायचं हे ठरवतानाच, बोलणी फिसकटली होती. मशीन विंडोज ७ चं. त्यात टीएलएस १.२ आहे, पण मुळात बंद ठेवलेलं. अपडेट टाकलं, विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंगांच्या यादीत) नोंद घातली, मेल सुरू झाला. आउटलुकला काहीही खुपलं तरी तो पासवर्डच मागतो. ताप आला की पोट तपासणाऱ्या डॉक्टरासारखं. बाईंची मी माफी मागितली. बंद करण्याआधी कुणाकडे काय मशीन आहे ते विचारायला हवं होतं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये गूगलनं जीमेलला मेल पाठवणाऱ्यांचे नियम कडक केले, तेव्हा मात्र एसपीएफ आणि डीकेआयएम, म्हणजे मेल खरंच त्या कंपनीकडूनच आलाय हे पटवणाऱ्या नोंदी, सगळ्या ग्राहकांच्या डोमेनवर आधीच लावलेल्या होत्या. त्या महिन्यात फोन नेहमीपेक्षा कमीच वाजला.

आता आम्ही तिघं आहोत. कन्नड फोन घ्यायला चिकोडीचा एक मुलगा आहे, लॉग माझ्यापेक्षा भराभर वाचतो. बाईंचं ते विंडोज ७ चं मशीन अजून चालू आहे, कारण जुन्या कुठल्याशा सॉफ्टवेअरचं डाँगल (परवान्यासाठी मशीनला लावायची किल्ली) दुसरीकडे चालत नाही. त्यांचे मालक दर दिवाळीला म्हणतात, यंदा नवीन घेऊ.