पदांचा प्रस्ताव आणि रिकामे रकाने: माझा अनुभव

आमच्या रुग्णालयाचा परिचारिकांच्या पदांचा प्रस्ताव पहिल्यांदा परत आला तो एका ओळीचा शेरा घेऊन: ‘वाढीव पदांच्या मागणीचे समर्थन सोबत जोडलेले नाही.’ मला रागच आला. रोज रात्री एकटी सिस्टर प्रसूतिगृह, वॉर्ड आणि अपघात विभाग अशी तिन्हीकडे पळते, त्याला आणखी कसलं समर्थन हवं? पण अडीच वर्षं त्या नस्तीमागे, म्हणजे फाइलीमागे, फिरल्यावर आज वाटतं, शेरा चुकीचा नव्हता. समर्थन आम्ही खरंच दिलं नव्हतं. उलट आमची सगळी रजिस्टरं आमच्याच विरोधात साक्ष देत होती. ते कसं, हे माझ्यासारख्या दुसऱ्या परिसेविकांच्या (वॉर्डाच्या प्रमुख सिस्टरांच्या) उपयोगी पडावं म्हणून लिहिते आहे.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी असते. ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय. माझी नोकरी एकवीस वर्षांची, त्यातली पंधरा प्रसूतिगृहातच गेली. अधिपरिचारिकांची, म्हणजे स्टाफ नर्सची, मंजूर पदं ७, भरलेली ५. त्या पाचांतली एक जिल्ह्याला प्रतिनियुक्तीवर आणि एक बाळंतपणाच्या रजेवर. राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या दोन कंत्राटी मुली धरून कामाला हात पाच. बाळंतपणं महिन्याला ७० ते ८०.

२०१९ मध्ये आमचं श्रेणीवर्धन जाहीर झालं: ५० खाटांचं उपजिल्हा रुग्णालय. मग करोना आला, तो गेला, इमारत उभी राहिली. खाटा आल्या, गाद्या आल्या, प्रसूतीची नवी टेबलं प्लास्टिकच्या आवरणासकट आली. माणसं आली नाहीत. इमारतीचा पैसा एका वाटेने येतो आणि पदं दुसऱ्या वाटेने, आणि ही दुसरी वाट फार लांबची. रुग्णालयाकडून जिल्हा शल्य चिकित्सक, तिथून उपसंचालक, आयुक्तालय, मंत्रालयात सार्वजनिक आरोग्य विभाग, मग वित्त विभाग, शेवटी सचिवांची समिती आणि तिथून पार पडलं तर शासन निर्णय. या वाटेवर प्रत्येक टेबलाला विचारायचा हक्क आहे की इतकीच का, आणि इतकी तरी का.

आमचा पहिला प्रस्ताव म्हणजे दीड पानाचं पत्र होतं. ‘कामाचा ताण प्रचंड असून रुग्णसेवेवर विपरीत परिणाम होत आहे’ वगैरे. अशी पत्रं राज्यभरातून रोज जात असणार. २०२० हे जागतिक आरोग्य संघटनेने परिचारिका आणि प्रसविकांचं (बाळंतपण करणाऱ्या प्रशिक्षित बायांचं) वर्ष म्हणून जाहीर केलं होतं. जगात ५९ लाख परिचारिका कमी आहेत असा अहवाल त्याच वर्षी आला. तो आकडाही मी त्या पत्रात हौसेने घातला होता. आता कळतं, जगाच्या ५९ लाखांमधून आमच्या गावाला एकही पद निघत नाही. आमचा आकडा आम्हालाच काढायला हवा होता.

तो काढायला मी शिकले २०२२ मध्ये, एका प्रशिक्षणात. त्याच वर्षी मे महिन्यात बाह्यस्रोतातून भरती नको म्हणून राज्यभरातल्या परिचारिका संपावर गेल्या होत्या, त्यामुळे पदांचा विषय सगळ्यांच्याच तोंडी होता. प्रशिक्षणात जागतिक आरोग्य संघटनेची ‘विझन’ (इंग्रजीत WISN) नावाची, मनुष्यबळ किती लागेल ते काढायची पद्धत शिकवली. मूळ कल्पना साधी आहे. खाटा मोजू नका, काम मोजा. एका कामाला किती वेळ लागतो, वर्षात ते किती वेळा होतं, आणि एक माणूस वर्षात खरोखर किती वेळ हजर असतो. या तीन गोष्टींतून माणसं किती लागतील ते निघतं.

मी सुरुवात शेवटच्या प्रश्नापासून केली. वर्षाचे दिवस ३६५. साप्ताहिक सुट्ट्या ५२, सार्वजनिक सुट्ट्या साधारण २४, किरकोळ रजा ८, अर्जित रजा ३०, प्रशिक्षण आणि आजारपण मिळून ११. बेरीज १२५. म्हणजे एक परिचारिका वर्षात २४० पाळ्या देते. (२०२० मध्ये सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा झाला, पण तो वॉर्डासाठी नाही. तो हिशेब इथे धरलेला नाही.) आता एक जागा, म्हणजे प्रसूतिगृहातली एक सिस्टर, सकाळ-दुपार-रात्र कायम भरलेली ठेवायची तर वर्षाला १,०९५ पाळ्या लागतात. भागिले २४०. उत्तर येतं ४.५६.

हा आकडा मी वहीत तीनदा काढला. एका जागेला साडेचार माणसं! आम्ही इतकी वर्षं तिघी मिळून एक जागा चालवत होतो आणि आपल्या सुट्ट्या बुडतात याचा दोष ड्यूटी लावणाऱ्या बाईला देत होतो. ती बाई मीच होते. परिचर्या परिषदेच्या निकषांत ३० टक्के रजा राखीव, म्हणजे रजेवरच्या बायांच्या जागी जादा माणसं, धरायला सांगितलेलं असतं, हे मला शिकत असल्यापासून पाठ होतं. ते का सांगितलंय, ते त्या दिवशी समजलं.

पुढचा टप्पा मात्र अडखळला. बाळंतपणं वर्षाला ९००, एका बाळंतपणामागे परिचारिकेचे प्रत्यक्ष तास आम्ही सगळ्यांनी बसून ठरवले: ५. म्हणजे ४,५०० तास. एकीचे वर्षाचे तास १,९२०. भागाकार केला तर २.३. प्रसूतिगृहाला अडीचसुद्धा माणसं लागत नाहीत, असं पद्धत सांगत होती! मी घाबरले. हा कागद वर गेला असता तर असलेली पदंही गेली असती. प्रशिक्षणात शिकवणाऱ्या मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, “अहो सिस्टर, छोट्या रुग्णालयात असंच होणार. तुमच्याकडे बाळंतपणं रांगेत उभी राहून येतात का? रात्री कुणी आलं नाही तरी बाई तिथे हजर हवीच ना? अशा ठिकाणी कामाचे तास नाही, जागा मोजा.” ज्यांच्या रुग्णालयात ३०-५० खाटा आहेत त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: फक्त कामाच्या तासांचा हिशेब पाठवू नका. चोवीस तास भरायच्या जागा किती, ते आधी लिहा.

आमच्या जागा चार निघाल्या: प्रसूतिगृह, बाळंतिणींचा कक्ष, सामान्य वॉर्ड, अपघात विभाग. चार गुणिले ४.५६, म्हणजे १८. त्यावर वॉर्ड सांभाळायला एक परिसेविका. मंजूर ७ वजा करून आम्ही १२ वाढीव पदं मागायची ठरवली. आर्थिक भाराचा तक्ता लिपिक भाऊंनी करून दिला: अधिपरिचारिका म्हणजे एस-१३ ही वेतनश्रेणी, मूळ वेतन ३५,४०० पासून, त्यावर भत्ते. लेखाशीर्ष, म्हणजे खर्च सरकारच्या कोणत्या खात्यावर पडणार ते, अचूक लिहायचं, ते चुकलं की तेवढ्याच कारणाने नस्ती खाली येते.

तरीही दुसरा प्रस्ताव परत आला. यावेळी शेरा मोठा होता, आणि त्याने माझी झोप उडवली. ‘संस्थेच्या अभिलेखानुसार सर्व प्रसूतींमध्ये निरीक्षणे विहित वेळेत पूर्ण झालेली दिसतात. सबब उपलब्ध मनुष्यबळ अपुरे असल्याचे सिद्ध होत नाही.’

हे जरा समजावून सांगते. कळा जोरात सुरू झाल्या की बाळाचे ठोके दर अर्ध्या तासाला ऐकायचे, कळा मोजायच्या, आईची नाडी बघायची. हे पार्टोग्राफवर, म्हणजे बाळंतपणाच्या प्रगतीच्या आलेखावर, टिंबांनी भरायचं. बाळंतपण झाल्यावर पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी रक्तस्राव, गर्भाशय आणि रक्तदाब तपासायचा, म्हणजे आठ वेळा. रक्तस्रावाने बाईच्या जिवावर बेतायचा मोठा धोका याच दोन तासांत असतो. आणि आमच्या रजिस्टरांत हे सगळं, प्रत्येक केसला, पूर्ण भरलेलं होतं.

ते कसं भरलं जातं ते मला माहीत होतं. पहाटे सहाला, रात्र संपताना, सिस्टर टेबलाशी बसते आणि एका दमात टिंबं टाकते. १४०, १४४, १३८, १४२. एकाच पेनाने, एकाच तिरप्या हाताने. खरोखर अर्ध्या-अर्ध्या तासाने लिहिलेला पार्टोग्राफ असा नसतो. त्यावर आयोडिनचा डाग असतो, अक्षर बदललेलं असतं, मध्ये एखादी खाडाखोड असते. वर्षानुवर्षं मीही असाच भरला आहे. अपुरं रजिस्टर दिसलं की मेमो मिळतो, म्हणून भरला. पण त्याचा अर्थ असा की आपल्याच सहीने आम्ही सरकारला कळवत आलो होतो की इथे माणसं पुरतात. नियोजन करणारा माणूस मुंबईत बसून तेच वाचणार. तो दुसरं काय वाचणार?

मी मुलींना बोलावलं आणि सांगितलं, चौदा दिवस एक वेगळी वही ठेवायची. जे केलं ते घड्याळात बघून लिहायचं. जे जमलं नाही तो रकाना रिकामा ठेवायचा आणि शेजारी आपण तेव्हा कुठे होतो ते लिहायचं. वहीवर कुणाचं नाव नाही. सुरुवातीचे दोन दिवस वही पूर्ण भरून आली, सवयच तशी. तिसऱ्या रात्री पहिला रिकामा रकाना दिसला: ‘२.३० – सर्पदंश, अपघात विभागात.’ मग येतच गेले. ‘रक्ताची बाटली आणायला.’ ‘१०८ मध्ये पेशंट चढवत होते.’ ‘दुसरी बाई टेबलावर.’ एका रात्री बाळंतपण झालेल्या बाईजवळ दोन तासांत आठऐवजी दोनदा जाता आलं होतं, आणि मधल्या वेळात सफाईच्या मावशी तिच्या पोटावर हात ठेवून उभ्या होत्या. त्या मावशींनी हाक मारली म्हणून रक्तस्राव लक्षात आला. बाई वाचली.

चौदा दिवसांचा तक्ता केला. सकाळच्या पाळीत दहापैकी आठ निरीक्षणं वेळेवर. रात्री दहापैकी तीन.

हा तक्ता जोडायचा की नाही यावरून आमच्याकडे खरं भांडण झालं. जिल्ह्याहून आलेल्या अधिसेविका (मेट्रन) मॅडम म्हणाल्या, “हा कागद काढा. उद्या एखादी केस बिघडली तर हाच तुमच्या गळ्यात येईल.” त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मुलीही घाबरल्या होत्या. मी म्हटलं, “मॅडम, हा काढला तर मागे काय उरतं? सगळं वेळेवर होतं, हेच ना?” वैद्यकीय अधीक्षक सर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “माझ्या सहीने जाऊ दे. माणसं मी मागितली, मिळाली नाहीत, हे लेखी असलेलं बरं.” तक्त्यावर तारखा ठेवल्या नाहीत, केस क्रमांक ठेवले नाहीत, फक्त पाळी आणि कारण. २०२३ च्या सुरुवातीला तिसरा प्रस्ताव गेला. त्यानंतर प्रत्येक टेबलावरून विचारणा झाली ती याच पानाबद्दल.

त्या प्रस्तावात मी आणखी एक परिच्छेद लिहिला होता, त्याचं काही झालं नाही, पण तो मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. माझ्या नोंदणी प्रमाणपत्रावर परिचारिका आणि प्रसविका असे दोन्ही शब्द आहेत. पण आमच्यासारख्या रुग्णालयाच्या आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या यादीत, प्रसूतीसाठी वेगळं पद नाही. आज प्रसूतिगृहात तयार झालेली मुलगी उद्या शस्त्रक्रिया विभागात जाते. केंद्राने २०१८ मध्ये प्रसविका सेवेची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात नोंदणीकृत परिचारिकांना अठरा महिन्यांचं प्रशिक्षण देऊन खास प्रसविका घडवायचं ठरलं. शेजारच्या तेलंगणात हे काम पुढे गेलं आहे. पण प्रशिक्षण घेऊन आलेल्या बाईला पद नसेल, पगाराची पायरी नसेल, आणि तिला पुन्हा सगळीकडे फिरवणार असाल, तर त्या अठरा महिन्यांचा उपयोग काय? माणसं घडवण्याआधी त्यांची जागा आकृतिबंधात करून ठेवायला हवी, इतकं साधं आहे हे.

नस्तीचा पाठपुरावा फार सांगण्यासारखा नाही. जावक क्रमांक आणि तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायची. पत्राची पोच शिक्क्यासकट घ्यायची. त्रुटी फोनवर विचारल्या तर उत्तर लेखी द्यायचं. सहपत्रांना पान क्रमांक टाकायचे. एकदा आमची जोडपत्रं नस्तीतून सुटली होती आणि चार महिने कुणालाच पत्ता नव्हता. चूक कुणाची ते सापडलं नाही, झेरॉक्स प्रत होती म्हणून निभावलं.

२०२४ च्या उन्हाळ्यात १२ ऐवजी ६ पदं मंजूर झाल्याचं कळलं. पेढे वाटले आम्ही. मंजूर म्हणजे भरलेली नव्हे, हे माहीत असूनही वाटले. त्यातली दोन आजवर भरली आहेत, दोघी नांदेडकडच्या, तरुण. उरलेली जाहिरातीची वाट बघताहेत. आता रात्री प्रसूतिगृहात आणि अपघात विभागात वेगवेगळी सिस्टर असते, पण आठवड्यातून चारच रात्री. बाकीच्या तीन रात्री पहिल्यासारख्याच.

वही चालू आहे. परवा नवीन मुलगी रात्र संपवून पार्टोग्राफ घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, “मॅडम, तीनचे ठोके घेता आले नाहीत. टिंब कुठे टाकू?”

“टाकू नकोस,” म्हटलं. “कुठे होतीस तेव्हा, ते लिही.”